चंदीआधी वैरण

बऱ्याच वर्षांपूर्वीची जून महिन्यातली रात्र. घाटमाथ्यावरच्या एका पर्यटनाच्या गावातून फोन आला, "साहेब, घोडं लोळतंय." पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तीनशे किलोच्या आसपासचं तट्टू, अंग घामाने निथळत होतं. पुढच्या पायाने जमीन उकरायचं, मान वळवून कुशीकडे पाहायचं, पुन्हा खाली बसायचं. नळी घातली, फ्लुनिक्सिन दिलं, लिक्विड पॅराफिन दिलं. पहाटे त्याने लीद टाकली आणि उभं राहिलं. मी समाधानाने घरी आलो. तिसऱ्या दिवशी त्याच मालकाचा फोन आला, "पोट बरंय, पण पुढचे पाय टेकवत नाही."

दोन्ही पुढचे खूर हाताला गरम लागत होते. खुराच्या वरची नाडी बोटाखाली ठणठणत होती. तेव्हा कुठे मी विचारलं, "त्या दिवशी खायला काय घातलं होतं?" हंगाम चांगला गेला होता. घोड्याने कमावून दिलं, आता चार दिवस विश्रांती, म्हणून मालकाने मायेने चंदी वाढवली होती. कडबा संपत आला होता, त्याची भरपाई म्हणून गिरणीतून मक्याचा भरडा आणून तोबऱ्यात एका वेळी दोन किलो दिला होता. त्याने काहीही लपवलं नाही. पहिल्या रात्री मी विचारलंच नव्हतं.

ती चूक मी आजही विसरलेलो नाही. आणि आपल्या मासिकाकडे येणारे पोटशूळाचे केस रिपोर्ट वाचताना दिसतं की ती चूक माझ्या एकट्याची नाही. नाडी, श्वसन, श्लेष्मलत्वचेचा रंग, रेक्टल तपासणी, औषधांचे डोस सगळं नीट लिहिलेलं असतं. खाण्याविषयी मात्र एकच ओळ: "नेहमीचा आहार."

घोड्याचं जठर 8 ते 15 लिटरचं, म्हणजे देहाच्या मानाने चिमुकलं. लहान आतडं वीसेक मीटर लांब असलं तरी अन्न त्यातून काही तासांत पुढे सरकतं. खरं काम त्यामागे, सीकम आणि मोठ्या कोलनमध्ये चालतं. पचनमार्गाची निम्म्याहून जास्त जागा त्यांनीच व्यापलेली असते. कडब्यातल्या सेल्युलोजला हात घालेल असं एकही विकर घोडा स्वतः तयार करत नाही. ते काम फायब्रोबॅक्टर, रुमिनोकोकस यांसारखे जीवाणू करतात, त्यांच्या जोडीला बुरश्या आणि प्रोटोझोआ असतात. त्यांनी बनवलेली असिटेट, प्रोपियोनेट, ब्युटिरेट ही मेदाम्लं रक्तात शोषली जातात आणि चाऱ्यावर राहणाऱ्या घोड्याची अर्ध्याहून अधिक ऊर्जा त्यांतूनच येते. तेव्हा वैरण आपण घोड्याला घालतो खरी, पण जेवतात आधी हे जीवाणू.

चंदीचं गणित वेगळं आहे. स्टार्च लहान आतड्यातच पचायला हवं, आणि घोड्याच्या स्वादुपिंडातून अमायलेज फार कमी येतं. जे पचत नाही ते सीकममध्ये जाऊन पडतं. तिथे स्ट्रेप्टोकोकस आणि लॅक्टोबॅसिलस त्यावर तुटून पडतात आणि काही तासांत लॅक्टिक आम्ल साचू लागतं. मेगास्फीरा, व्हिलोनेला हे लॅक्टेट वापरणारे जीवाणू असतात, पण एवढ्या वेगाला ते पुरे पडत नाहीत. सातच्या आसपासचा पीएच सहाच्या खाली घसरतो, तंतू पचवणारे जीवाणू मरू लागतात, आतड्याचं अस्तर दुखावतं आणि नको ते रक्तात शिरतं. ब्रिस्बेनमध्ये क्रिस पोलिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्यांना ऑलिगोफ्रुक्टोज देऊन हा क्रम टप्प्याटप्प्याने पाहिला. खूर दुखू लागण्याआधीच मोठ्या आतड्यात स्ट्रेप्टोकोकसची संख्या उसळलेली होती. प्रत्येक लॅमिनायटिस आतड्यातूनच येतो असं नाही. इन्शुलिन वाढून होणारा लॅमिनायटिस हा वेगळा विषय आहे आणि लठ्ठ घोड्यात तोच आधी शोधायला हवा. पण माझ्या त्या तट्टाचा रोग सीकममध्येच सुरू झाला होता.

आकडे मांडून पाहू. एका वेळच्या खाण्यात वजनाच्या किलोमागे 1 ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च नसावं, असा आज सावध सल्ला दिला जातो. तीनशे किलोच्या तट्टाला म्हणजे 300 ग्रॅम. हरभऱ्यात साधारण 40 टक्के स्टार्च धरलं तर एका वेळी पाऊण किलो. मक्यात 70 टक्के, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅम. त्या तोबऱ्यातल्या दोन किलो भरड्यात 1400 ग्रॅम होतं. शिवाय कच्च्या मक्यातलं स्टार्च लहान आतड्यात ओटच्या मानाने कमी पचतं. किलोभर वाळलं गवत खायला घोडा 3000 च्या वर चावे घेतो, दाणा मात्र हजारभर चाव्यांत संपवतो. लाळ चावतानाच सुटते, आणि आम्ल मारणारं बायकार्बोनेट त्या लाळेतच असतं.

इथे एक गोष्ट आपल्या तरुण सहकाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो. युरोपीय पुस्तकांत वसंतातल्या कोवळ्या गवताची आणि त्यातल्या फ्रुक्टानची धास्ती पानोपानी असते. ते तिथल्या थंड हवेच्या गवतांबद्दल खरं आहे. आपल्याकडची उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं फ्रुक्टान साठवत नाहीत, स्टार्च साठवतात. आपल्या पावसाळ्यातला धोका प्रामुख्याने बदलाच्या घाईचा आहे. मे अखेरपर्यंत कोरडा कडबा, आणि पहिल्या पावसानंतर एकाएकी भाराभर ओलं गवत. त्यातही कापून ढीग घातलेलं, आतून गरम झालेलं गवत असेल तर विचारायलाच नको. कडब्यावर पोसलेली जीवाणूंची वस्ती एका रात्रीत नव्या चाऱ्याला सरावत नाही. दहा ते चौदा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस जुन्यात नवं मिसळत जावं लागतं.

शर्यतीच्या घोड्याला दाण्याशिवाय ताकद येणार कुठून, असं तबेल्यांतून नेहमी ऐकू येतं. स्वीडनमध्ये सरावातल्या ट्रॉटर घोड्यांवर झालेला, 2009 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या मंडळींना जरूर दाखवावा. दर्जेदार चाऱ्यावरच ठेवलं असता त्यांच्या लिदेतली जीवाणूंची वस्ती अधिक स्थिर राहिली, आणि दाणा सुरू असताना लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू वाढले. आपल्याकडे तशा दर्जाचं गवत बाराही महिने मिळत नाही, हे मला मान्य आहे. पण म्हणून वैरण दीड टक्क्याच्या खाली नेऊन उरलेलं पोट चंदीने भरायचं, हे मला मान्य नाही. वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा ही किमान मर्यादा आहे.

प्रोबायोटिकच्या पुड्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. यीस्टमुळे तंतूंचं पचन सुधारल्याचं काही चाचण्यांत दिसलं आहे. पण जीवाणू दिले की भलंच होतं, असं समजू नये. कॅनडातल्या संशोधकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस दिलेल्या नवजात शिंगरांत जुलाब उलट वाढले. शिंगरू पहिल्या काही आठवड्यांत आईची लीद खातं आणि तिथून आपली वस्ती बसवतं. ते पाहून घाबरलेल्या मालकाला समजावून सांगा. शिंगराला हाकलून देऊ नका म्हणावं.

लिदेविषयी आणखी. पीएच पट्टीला फार पैसे पडत नाहीत. ताजी लीद फोडून बोटांत घ्यावी, थोड्या पाण्यात कालवून पट्टी बुडवावी. साडेसहा-सात असेल तर ठीक. सव्वासहाच्या खाली असेल, आंबूस वास येत असेल, गोळे न बांधता पसरत असेल, दाणे जसेच्या तसे दिसत असतील, तर घोडा लोळायची वाट पाहू नये. सीकममधलं चित्र लिदेत अंधुकच उमटतं हे खरं, पण तबेल्यात उभ्याउभ्या एवढं तरी कळतं. आणि मोतद्दाराला विचारावं, मालकाला नंतर. तोबरा तोच भरतो.

पुढच्या अंकापासून अश्वरोगांचे केस रिपोर्ट आम्ही आहाराच्या नोंदीशिवाय स्वीकारणार नाही. कोणती वैरण, दिवसाला किती किलो, चंदी कोणत्या दाण्याची, किती वेळा विभागून, यांपैकी शेवटचा बदल कोणत्या तारखेला झाला आणि किती दिवसांत. वजनं काट्यावर केलेली हवीत. डबा, पाटी, घमेलं असं लिहून आलं तर रिपोर्ट परत येईल, आणि सोबत आमची विनंती असेल की त्या तबेल्यात पुन्हा एकदा जाऊन या.