८९१.४६ कुठे आहे?

आपल्या वर्गाच्या खोक्यांतली मराठी पुस्तकं हायस्कूलच्या लायब्ररीला देऊन टाकावीत, असा विचार सध्या पालकांमध्ये चालू आहे. कल्पना चांगल्या मनाने सुचलेली आहे, पण आम्हा मोठ्या वर्गातल्या मुलांना ती पटत नाही. ती लायब्ररी वापरणारे आम्ही आहोत, तेव्हा आमचंही म्हणणं ऐकावं.

लायब्ररी म्हणजे गोदाम नव्हे. तिथे प्रत्येक पुस्तकाची कॅटलॉगमध्ये नोंद व्हावी लागते. ज्या बाईंना मराठी येत नाही त्यांनी कादंबरी कुठली आणि पाककृतींचं पुस्तक कुठलं हे कसं ओळखायचं? शिवाय वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं काढून टाकतात. इंग्रजीत या कामाला चक्क ‘वीडिंग’ म्हणतात, म्हणजे आपली शेतातली खुरपणी. आपली खोकी पहिल्याच खुरपणीत जातील, आणि त्यात लायब्ररीचा काही दोष नसेल.

आधी हे विचारायला हवं की आपल्यातली किती मुलं त्या लायब्ररीत जातात? शाळा सुटली की गाडी दारात उभी. मग गणिताचा क्लास, मग पोहणं, मग तबला. “लायब्ररीत थांबतो” म्हटलं की घरी वाटतं, हा मित्रांबरोबर वेळ घालवणार. (कधी कधी ते खरंही असतं.) पण मुख्य कारण वेगळं असावं. बऱ्याच आईबाबांच्या आठवणीतली शाळेची लायब्ररी म्हणजे कुलूप लावलेलं कपाट आणि किल्ली सरांकडे. इथे कपाटं उघडी असतात, आणि पुस्तकांपेक्षाही मोठी सोय म्हणजे तिथे बसलेली व्यक्ती. शाळेच्या लायब्रेरियन फक्त शिक्के मारत नाहीत. शोधायचं कसं, हे शिकवणं हेच त्यांचं काम. वेळ ठरवून गेलं तर अर्धा तास आपल्या एकट्यासाठी देतात.

आमच्या वर्गातल्या एका मुलीला इतिहासाच्या निबंधासाठी ‘भारत आणि अमेरिका’ असा विषय घ्यायचा होता. लायब्रेरियनबाईंनी विचारलं, कुठली वर्षं? कुणाच्या नजरेतून? घरी कुणाला त्यातलं काही आठवतं का? आजीला रेशनवरचा अमेरिकन गहू आठवत होता. तिथून धागा लागला तो पी. एल. ४८० या १९५४ सालच्या कायद्याचा. अमेरिकेने भारताला धान्य दिलं आणि पैसे रुपयांत घेतले. ते रुपये बहुतेक भारतातच खर्च करायचे होते. १९५८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्यातल्या काही पैशांतून पुस्तकं घ्यायची सोय झाली. १९६२ पासून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतातली पुस्तकं घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. त्यात मराठी पुस्तकंही होती. म्हणजे आज शिकागोच्या विद्यापीठात मराठी पुस्तकांची जी रांग आहे, तिच्यातली कितीतरी पुस्तकं गव्हाच्या पैशातून आली. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आमच्या आईबाबांनाही नाही.

“सगळं फोनवर मिळतं” असं म्हणणाऱ्या काका-मावश्यांना एवढंच सांगतो, की चांगले लेख उघडायला गेलं की पैसे मागणारं पान समोर येतं. जेस्टोर किंवा प्रोक्वेस्टसारख्या संग्रहांची वर्गणी शाळा भरते आणि पासवर्ड आपल्याला फुकट मिळतो. मशीनने लिहून दिलेल्या उत्तरात कधी कधी मुळात अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं असतात. बाई ती कॅटलॉगमध्ये लगेच तपासून दाखवतात.

आता मराठीबद्दल. ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याचा नंबर ८९१.४६ आहे. हिंदीचा ८९१.४३, गुजरातीचा ८९१.४७. आमच्या शाळेत त्या कपाटापाशी गेलं तर हिंदीच्या एका पुस्तकानंतर एकदम ८९१.७ येतो, म्हणजे रशियन. मधली जागा रिकामी आहे कारण कुणी काही मागितलं नाही. बहुतेक लायब्रऱ्यांत नवीन पुस्तक सुचवायची सोय असते. आमच्याकडे त्याचा साधा फॉर्म आहे, आणि तो भरायला मुलाची सही पुरते. आमच्या मते सुरुवात अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’पासून करावी. ते मूळ इंग्रजीतच लिहिलेलं आहे, १९७७ साली त्याला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइज मिळालं, आणि २००५ साली ते न्यूयॉर्कमध्येही छापलं गेलं. त्यामुळे मिळायला सोपं आहे. मराठी न येणारे आमचे मित्रही ते नेतील, आणि पुस्तक खुरपणीतून वाचेल.

मराठीतलंच पुस्तक हवं असेल तर दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतं. शाळेला जमलं नाही तर गावच्या पब्लिक लायब्ररीतून. दर वेळी मिळतंच असं नाही आणि आलं तरी काही आठवडे लागतात. शोधताना एक गंमत लक्षात ठेवा. मोठ्या लायब्रऱ्या मराठी नावं रोमन लिपीत आपल्यासारखी लिहीत नाहीत. ‘च’साठी ‘सी-एच’ नाही, नुसता ‘सी’. ‘श’साठी ‘एस’वर एक तिरकी रेघ, ती शोधताना सोडली तरी सहसा चालते. ‘आ’साठी दोन ‘ए’ नाहीत, एकच. ‘श्यामची आई’ आपल्या सवयीने टाइप केलं तर बऱ्याचदा काहीच सापडत नाही. त्यांच्या पद्धतीने ‘एस-वाय-ए-एम-ए-सी-आय’ आणि पुढे ‘ए-आय’ टाइप केलं की प्रती दिसायला लागतात. आणि शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७ सालच्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर मोफत ठेवला आहे.

तेव्हा खोकी आपल्याच वर्गाकडे राहू देत, एक वही करून मुलांना पुस्तकं घरी न्यायला देऊ. पालकांकडून आम्हाला पुस्तकं नकोत, आठवड्यातून एक दुपार हवी. त्या दिवशी गाडी तासभर उशिरा आणा.