आतडे ‘पाझरते’ म्हणून पुड्या कशाला?

मागील महिन्यात सिंदी (रेल्वे) येथील एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. खुर्चीवर बसण्यापूर्वीच त्यांनी पिशवीतील डबे एकेक करून टेबलावर मांडले. ड जीवनसत्त्वाच्या पुड्या, कसली तरी महागडी पावडर आणि ‘आतडे दुरुस्त करणाऱ्या’ कॅप्सूल. “नागपूरला मुलाकडे गेलो होतो. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखविला. माझे आतडे पाझरते म्हणतात, डॉक्टरसाहेब!” पोट फुगणे, थकवा, सांधेदुखी, सारे त्या पाझरण्यामुळेच, असा त्यांचा समज झाला होता.

आतडे पाझरते ही गोष्ट सर्वस्वी खोटी नाही. आतड्याच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच पातळ थर असतो. भिंतीत विटांमध्ये चुना भरावा तसे या पेशींचे सांधे घट्ट असतात. पचलेले अन्न आत घ्यायचे आणि जंतू व घाण बाहेर ठेवायची, हे त्यांचे काम. सांधे सैल झाले की नको ते आत शिरते. हगवण, क्रोन्ससारखा आतड्याचा दाह अशा रोगांत हे घडते. पण प्रत्येक ढेकर आणि प्रत्येक थकवा त्याच्या माथी मारणे हा शुद्ध धंदा आहे, असे माझे मत आहे.

आता ड जीवनसत्त्व. या सांध्यांशी त्याचा संबंध आहे, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. माणसांवर 2015 साली आयर्लंडमध्ये क्रोन्सच्या 27 रुग्णांवर छोटा प्रयोग झाला. तीन महिने रोज 2,000 युनिट घेणाऱ्यांचे पाझरणे वाढले नाही, न घेणाऱ्यांचे वाढले. पण तो रोग वेगळा आणि रुग्ण अवघे 27. त्यावरून धडधाकट माणसाने पुड्या फोडत बसावे असे मुळीच ठरत नाही.

आपल्या उन्हाच्या देशातही या जीवनसत्त्वाची कमतरता आढळते, हे खरे. दिल्लीच्या डॉ. रविंदर गोस्वामी यांनी 2000 सालीच ते दाखवून दिले होते. कमतरता असेल तर हाडांसाठी औषध जरूर घ्यावे. (सकाळचे कोवळे ऊन यासाठी फारसे कामाचे नाही. ज्या किरणांनी हे जीवनसत्त्व तयार होते ते दुपारच्या सुमारास जास्त मिळतात.) पण पुडी असते 60,000 युनिटची आणि मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण 600. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा शिधा! म्हणूनच डॉक्टर ती आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच देतात. गुरुजी सव्वा महिना रोज एक घेत होते. तपासले तर रक्तातील कॅल्शियम वाढलेले. बद्धकोष्ठ, मळमळ, सारखी तहान ही त्याचीच लक्षणे. ज्या पोटासाठी पुड्या सुरू केल्या, त्याच पोटाला त्या बाधल्या. अशाने मूत्रपिंडही निकामी होऊ शकते.

खरी मेख पुढेच होती. “गुडघ्यासाठी काय घेता?” असे विचारल्यावर त्यांनी खिशातून डायक्लोफेनॅकची पट्टी काढली. दोन वर्षांपासून रोज! 1980 च्या दशकात लंडनमध्ये डॉ. इंगवार ब्यार्नासन यांनी दाखविले की, या जातीच्या वेदनाशामक गोळ्याच आतड्याचे पाझरणे वाढवितात. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर दुखते म्हणून आपल्याकडे किती मजूर बाया दुकानातून अशा गोळ्या घेतात, ते मी रोज पाहतो. एका हाताने भिंत खणायची आणि दुसऱ्या हाताने शेकडो रुपयांचा चुना विकत आणायचा! दारूचाही परिणाम तोच.

पूरक औषध हवेच असेल, तर त्याची सर्वांत खरी गरज हगवण लागलेल्या लेकरांना आहे, आणि ते आहे जस्त, म्हणजे झिंक. बांगलादेशातील अशा मुलांच्या आतड्यांचे पाझरणे त्याने कमी झाल्याचे 1992 साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2004 पासून ओआरएससोबत झिंकची शिफारस केली आहे. सहा महिन्यांवरील मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, चौदा दिवस. सरकारी दवाखान्यात या गोळ्या फुकट मिळतात. जुलाब थांबले की आया त्या तिसऱ्या दिवशीच बंद करतात, ते करू नये.

मोठ्यांनी ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी खावी. यांतील चोथ्यावर आतड्यातील उपयुक्त जंतू पोसले जातात आणि ते आतड्याच्या अस्तराला खाद्य पुरवितात. पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे. शौचावाटे रक्त, घटणारे वजन किंवा महिनाभर न थांबणारे जुलाब असतील, तर मात्र पुड्या-चटण्यांत वेळ न दवडता सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखवावे.

गुरुजींच्या पुड्या व पट्टी दोन्ही बंद केल्या, गुडघ्याचे व्यायाम शिकविले. पंधरा दिवसांनी आले तेव्हा पोट बरे होते. न फोडलेले डबे परत घेता का, म्हणून त्यांनी दुकानदाराला विचारले होते. तो नाही म्हणाला.