रिकाम्या खुर्चीवर स्वयंसेवक नको

भिलाईत पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची वानवा नाही. शिकलेली, धडधाकट माणसं, हाताशी वेळही भरपूर. त्यांच्या बैठकीत एक विचार हमखास निघतो: आसपासच्या पाटण-धमध्याकडच्या शाळांत गुरुजी कमी आहेत, तर आपणच आठवड्यातून दोन दिवस जाऊन गणित का शिकवू नये? कुणाची नात नेपाळच्या खेड्यात महिनाभर शिकवून आलेली असते, वर त्यासाठी एजन्सीला पैसे मोजून. म्हणणं सरळ आहे. काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं. सरकारची वाट बघत मुलांचं वर्ष का घालवायचं?

हेतूबद्दल शंका नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांना हसण्याची आपल्याकडची खोड मला मुळीच आवडत नाही. पण 'काहीच नसण्यापेक्षा' हा युक्तिवाद पोकळ आहे. मुलांच्या बाजूने कायदा उभा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २६व्या कलमानुसार मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक द्यावे लागतात. रिकाम्या जागी स्वयंसेवक उभा राहिला की वर्ग भरलेला दिसतो, गावकरी गप्प बसतात आणि पद तसंच पडून राहतं. स्वस्तात माणूस मिळतोय म्हटल्यावर सरकार दुधाची तहान ताकावर भागवतं, हा अनुभव जुना आहे. महाराष्ट्राने वस्तीशाळांवर तुटपुंज्या मानधनाचे 'स्वयंसेवक' नेमले. त्यांना नियमित व्हायला २०१४ उजाडलं. छत्तीसगडच्या शिक्षाकर्मींचं, म्हणजे कमी पगारावर नेमलेल्या शिक्षकांचं, संविलियन (शिक्षण खात्यात सामावून घेणं) सुरू झालं ते २०१८ साली. फुकटातला माणूस तर त्याहून सोयीचा.

मग बाहेरच्याने शाळेत पाऊलच टाकू नये, असं म्हणणारेही भेटतात. तो आततायीपणा झाला. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा सरकारी शाळांत किशोर भारती ही संस्था आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने विज्ञानशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था, दिल्ली विद्यापीठ अशा ठिकाणचे वैज्ञानिक तिथे जात. गुरुजींना बाजूला सारून फळा बळकावायला नव्हे; त्या गुरुजींबरोबर बसून प्रयोग करायला. पुण्याच्या टेल्कोतले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले. त्यांची एक युक्ती अशी: सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापायची, तिच्या तुकड्यांत काडेपेटीच्या काड्या खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलंडतो. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे पाचवी-सहावीच्या पोराला हातानेच कळतं. मुलांना पडलेले प्रश्न 'सवालीराम' या काल्पनिक पात्राच्या नावे पत्रातून येत आणि त्यांना उत्तरं जात.

२००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो कार्यक्रम बंद केला, हे खरं. पण तीस वर्षं तो चालला तो पगारी गुरुजींच्या बळावर. पाहुण्यांच्या जिवावर तीस महिनेही निघाले नसते.

दूर कशाला, भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज देणारं दल्ली राजहरा बघा. तिथल्या कंत्राटी खाणमजुरांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली युनियन उभारली आणि आपल्या मुलांसाठी शाळाही. आयआयटी कानपूरहून शिकून आलेल्या सुधा भारद्वाज तिथे मजुरांच्या मुलांना शिकवत. ज्यांची मुलं, त्यांचीच संघटना. जाब विचारायला आईबाप समोर. आणि भारद्वाज पुढेही अनेक वर्षं छत्तीसगडमध्येच राहिल्या. महिनाभराच्या पाहुण्याला आईबापांना जाब देण्याचा हा धाक कुठून असणार?

तेव्हा जरूर जा. आधी गुरुजींना विचारा, तुम्हाला काय हवंय? प्रयोगाचं सामान असेल, अपूर्णांक शिकवण्याची नवी युक्ती असेल, कदाचित नोंदवह्या भरायला नुसता एक हात असेल. ते करा. आणि त्याच आठवड्यात जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: या शाळेत मंजूर पदं किती, भरलेली किती? अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.