सव्वा महिन्यानंतर आईकडे कोण बघतं?

बाळंतपणानंतर घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. दूध नीट पितंय का, शी कशी होतेय, वजन वाढलं का. बाळंतिणीचीही काळजी घेतली जाते. डिंकाचे-अळीवाचे लाडू होतात, मालीशवाल्या मावशी येतात, शेक-शेगडी होते. पण "तुला मनातून कसं वाटतंय?" हे तिला कोणी विचारलं का? तुमच्या घरात कोणी गरोदर असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर हा लेख वाचताना हा एक प्रश्न लक्षात ठेवा.

ओपीडीत एक चित्र वारंवार दिसतं. बाळ चार-पाच महिन्यांचं असतं. सोबत आलेली आई किंवा सासू सांगते, "हिचं डोकं सारखं दुखतं, झोप लागत नाही, बाळ रडलं तरी हिचं लक्ष नसतं." रिपोर्ट बहुतेक ठीक असतात. निवांत बसून विचारलं, की ती बाई हळूच सांगते, "डॉक्टर, मला सातव्या महिन्यापासूनच काही गोड वाटत नाही." म्हणजे सहा-सात महिने ती हे एकटी सोसत असते. या काळात ती सोनोग्राफीला गेलेली असते, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असतं, बाळाचे डोस झालेले असतात. आरोग्ययंत्रणेशी तिची गाठ अनेकदा पडली, पण मनाबद्दल कोणी विचारलं नाही.

हा त्रास किती जणींना होतो?

आधी एक फरक समजून घ्या. बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांनी रडू येणं, चिडचिड होणं, मन हळवं होणं हे निम्म्याहून अधिक स्त्रियांना होतं. ते साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यासाठी आराम, झोप आणि आपल्या माणसांचा आधार पुरतो.

दोन आठवड्यांनंतरही उदासी, थकवा, अपराधी वाटणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं किंवा सतत भीती वाटणं चालूच राहिलं, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकतं. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. याचा अर्थ ती आई म्हणून कमी पडते असा नाही.

भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात साधारण २२ टक्के मातांमध्ये अशी लक्षणं आढळली, म्हणजे पाचांत एकीपेक्षा थोडं जास्तच.

गोव्यातल्या एका अभ्यासाने (२००२) आणखी नेमकं चित्र दाखवलं. तिथल्या मातांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलं, तेव्हा २३ टक्के जणींना नैराश्य होतं. त्यांतल्या बहुतेक जणींना मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही मोठी कारणं होती. मुलगाच हवा अशा अपेक्षेत मुलगी झाली, तर हा धोका आणखी वाढत होता.

म्हणजे हा त्रास बरेचदा बाळंतपणाआधी सुरू होतो आणि सव्वा महिन्यानंतरही टिकतो.

काळजी कुठे तुटते?

आपल्या परंपरेने बाळंतिणीसाठी सव्वा महिना राखून ठेवला आहे. सरकारी यंत्रणेचं वेळापत्रकही जवळपास तेवढंच आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि पुढे देशभर गेली. त्यामुळे असंख्य बाळं वाचली आहेत.

या भेटींच्या मूळ तक्त्यात आईसाठीही प्रश्न आहेत. ताप आहे का, अंगावरून घाण वास येणारं जातंय का, झटके येतात का, ती असंबद्ध बोलते का, स्तनांना त्रास आहे का. म्हणजे मनाचा गंभीर आजार किंवा झटके ओळखण्याची सोय आहे. पण जी बाई सगळी कामं करते, नीट बोलते आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडते, ती या तक्त्यात सापडत नाही.

४२ व्या दिवसानंतर आशाताईंची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात असते. पुढच्या भेटी ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. त्या मुख्यतः बाळाची वाढ, आहार आणि लसीकरण यांसाठी असतात.

आपल्याकडे याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट घडते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि सव्वा महिना किंवा तीन महिने झाले, की मुलगी बाळाला घेऊन सासरी जाते. तिथे आशाताई वेगळ्या, डॉक्टर वेगळे. रात्री बाळाला घेणारी आई आता जवळ नसते. घरकाम पुन्हा अंगावर येतं. माहेरी कोणाला तिच्यातला बदल जाणवला असला, तरी ती माहिती सासरी पोहोचत नाही. मुलगी "ठीक आहे" म्हणते आणि विषय संपतो. आधाराची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकी तेव्हाच सांभाळणारी माणसं बदलतात.

मदत करायला मानसोपचारतज्ज्ञच लागतो का?

प्रत्येक वेळी नाही. गंभीर आजारात तज्ज्ञ लागतोच. पण राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) आपल्याकडे एक लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरा येत नाही. तज्ज्ञांचीच वाट बघायची ठरवली, तर बहुतेक आयांना मदत मिळणारच नाही.

यावर उत्तर शोधणारे दोन महत्त्वाचे प्रयोग आपल्या उपखंडात झाले. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आरोग्य कार्यकर्त्या महिलांना आईशी कसं बोलायचं, तिला छोट्या-छोट्या गोष्टी पुन्हा कशा सुरू करायला लावायच्या, घरच्यांना कसं सोबत घ्यायचं, हे शिकवलं गेलं. २००८ मध्ये निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचं झालं, तेव्हा अशी मदत मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, तर न मिळालेल्यांपैकी ५३ टक्के.

नंतर गोव्यात याच पद्धतीत बदल करून गावातल्याच, स्वतः आई असलेल्या साध्या स्त्रियांना तयार केलं गेलं. त्यांना 'सखी' म्हणत. नैराश्य असलेल्या २८० गरोदर स्त्रिया या अभ्यासात होत्या. निम्म्या जणींना सखी गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत भेटत राहिल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. सखी भेटलेल्यांपैकी ७३ टक्के नैराश्यातून बाहेर आल्या, इतरांपैकी ६० टक्के. फरक मध्यम आहे, सखींच्या मदतीने सगळ्याच बऱ्या झाल्या असं नाही. पण प्रशिक्षण आणि मागे मार्गदर्शन असेल, तर शेजारची बाईसुद्धा खरी मदत करू शकते, हे यातून दिसलं.

यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. सखी एकदाच येऊन उपदेश करून जात नसे. ती गरोदरपणात यायला लागे आणि सव्वा महिना झाल्यावरही येत राही.

मग हे सगळीकडे का होत नाही?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गरोदर आणि बाळंतिणींच्या नेहमीच्या तपासणीतच मानसिक आरोग्याची काळजी कशी बसवायची, याची मार्गदर्शिका काढली. दिशा स्पष्ट आहे. आपल्याकडे प्रश्न आहे तो हे काम करणार कोण, याचा.

पहिलं नाव येतं आशाताईंचं. घराघरात त्यांचीच ओळख असते. पण नवजात बाळाच्या सगळ्या गृहभेटी पूर्ण केल्यावर त्यांना मिळतात २५० रुपये. मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशांनी २०२३-२४ मध्ये दीर्घ संप केला. केंद्राने २०२५ मध्ये त्यांचा दरमहा ठरलेला भत्ता २,००० वरून ३,५०० रुपये केला. त्यांच्यावर लसीकरण, सर्वेक्षणं, क्षयरोग, ऑनलाइन नोंदी असं सगळं काम आहेच. त्यात "आईच्या मनाचंही बघा" असा एक रकाना वाढवला आणि प्रशिक्षण, वेळ व मोबदला दिला नाही, तर तो रकाना नुसत्या टिकमार्कने भरला जाईल.

दुसरी अडचण एकांताची. सासू समोर बसलेली असताना कोणती सून सांगेल, की मला जगावंसं वाटत नाही? तिसरी अडचण, विचारल्यावर पुढे पाठवायचं कुठे? जवळ समुपदेशक नसेल, तर आशाताईंनाही तो प्रश्न विचारायला धीर होत नाही.

सध्या कोणती सोय आहे?

• टेलि-मानस, १४४१६: ही सरकारची मोफत, चोवीस तासांची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मराठीत बोलता येतं. नवरा, आई, सासू कोणीही फोन करू शकतं.
• जिल्हा रुग्णालय: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तपासणी, समुपदेशन आणि औषधं मिळतात.
• दर महिन्याची ९ तारीख: प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात या दिवशी सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. झोप, भीती, उदासी याबद्दल इथे स्वतःहून सांगा.
• कायदा: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आईला दाखल करावं लागलं, तर तीन वर्षांखालील बाळाला सहसा तिच्यापासून वेगळं करता येत नाही. आई किंवा आजारामुळे बाळाला धोका असेल, तरच तात्पुरतं वेगळं ठेवता येतं. आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा विभाग बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आहे.

घरच्यांनी काय करावं?

*नवऱ्याने:* दोन प्रश्न विचारा, एकांतात आणि घाई न करता. गेल्या दोन आठवड्यांत बराच वेळ उदास किंवा हताश वाटलं का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागेनासं झालंय का? एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर डॉक्टरांना भेटा. रात्रीचं एक दूध पाजणं सोडून बाकी सगळं, म्हणजे ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं तुमच्याकडे घ्या. आईला सलग चार-पाच तास झोप मिळणं हा उपचाराचाच भाग आहे. आणि स्वतःकडेही बघा. दहांपैकी साधारण एका वडिलांनाही या काळात नैराश्य येतं.

*आईने आणि सासूबाईंनी:* "आम्ही नाही का चार-चार पोरं वाढवली?" हे वाक्य टाळा. मुलगी सासरी निघताना बाळाच्या कपड्यांबरोबर ही माहितीही पाठवा. ती नीट जेवते का, झोपते का, रडते का, हे दोन्ही घरांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोला. सासरी गेल्यावर पहिले दोन महिने रोज फोन करा आणि बाळाआधी तिची विचारपूस करा.

*तुम्ही स्वतः ती आई असाल तर:* एका तरी माणसाला खरं सांगा. नवरा, बहीण, मैत्रीण, आशाताई, नर्स किंवा १४४१६ वरचा अनोळखी आवाज, कोणीही चालेल. डॉक्टरांना हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करायला सांगा. या दोन्ही गोष्टींमुळेही थकवा आणि उदासी वाढते.

औषधं घेतली तर दूध बंद करावं लागेल का?

बहुतेक वेळा नाही. नैराश्यावरची काही औषधं अंगावर पाजताना घेता येतात, कारण ती दुधात फार कमी प्रमाणात उतरतात. कोणतं औषध आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. सौम्य त्रासात समुपदेशन पुरेसं ठरू शकतं. आधीपासून गोळ्या चालू असतील आणि दिवस गेले, तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. लगेच डॉक्टरांना भेटा. काही गोळ्या बदलाव्या लागतात, पण अचानक थांबवल्याने आजार उलटू शकतो.

वाट बघू नका

पुढीलपैकी काहीही दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा आणि तिला एकटं सोडू नका.

• स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार
• दोन-तीन दिवस झोपच न येणं आणि तरीही खूप उत्साह
• नसलेले आवाज ऐकू येणं, विचित्र संशय, असंबद्ध बोलणं

शेवटचे दोन प्रकार साधारण हजारात एक-दोन बाळंतिणींमध्ये, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत दिसतात. बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेण्यात मोलाचा वेळ जातो. वेळेवर उपचार मिळाले, तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट, मनात असलेलं बोलायला वाट मिळते.

आशाताईंच्या तक्त्यात आईच्या मनाचा प्रश्न यावा, त्यासाठी त्यांना शिकवलं जावं आणि त्याचा योग्य मोबदला मिळावा, ही मागणी तुम्ही ग्रामसभेत, आरोग्य केंद्रात करू शकता. ते होईल तेव्हा होईल. तुमच्या घरातली बाळंतीण मात्र आज घरात आहे. सव्वा महिना संपला, तरी तिची विचारपूस थांबवू नका.