पायऱ्या कुठे गेल्या?

माझ्या पुतणीनं चाचणीत एक गणित सोडवलं. ३क्ष + २य = १९ आणि २क्ष + ३य = १६, तर क्ष + य किती? पोरीनं दोन्ही समीकरणांची बेरीज केली, ५क्ष + ५य = ३५. पाचानं भागलं, उत्तर ७. दोन ओळींत काम झालं. वहीवर शेरा आला, "पायऱ्या कुठे?" आणि गुण कापले. क्ष ५ आणि य २ असं वेगवेगळं काढून दाखवायला हवं होतं म्हणे. अहो, पण ते विचारलंय कुठं? आणि बेरीज केली, भागलं, या पायऱ्या नव्हेत तर काय?

घरी आली तर सासूबाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीनं सांगितलं तसं करावं." त्याच घरातला थोरला नातू दुकानाच्या गादीवर बसून तोंडी हिशेब करतो, तेव्हा सगळे म्हणतात, "काय डोकं आहे पोराचं!" त्यानं केलं तर हुशारी, तिनं केलं तर आगाऊपणा. बायांनो, हा न्याय आपणच चालवतो.

उद्या हीच पोरगी नोकरीच्या परीक्षेला बसणार. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्याला १०० प्रश्न, ६० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, आणि चुकलं की अर्धा गुण वजा. तिथं पायऱ्या बघायला कुणी बसलेलं नसतं. सांगितलं तेवढंच करणारी पोर अर्ध्या पेपरात अडकते. मग आपणच म्हणतो, "मुलींना गणित जमत नाही."

म्हणून काही क्लासवाल्यांची 'ट्रिक्स'ची चोपडी आणू नका. क्ष + १/क्ष = ३ असेल, तर दोघांच्या वर्गांची बेरीज किती? "तिनाचा वर्ग करा, दोन वजा करा, ७," असं घोकून घेतात. परीक्षेत अधिकच्या जागी उणे येतं. पोर सवयीनं ७ लिहून येते, उत्तर असतं ११. तो दोन आला कुठून, हे तिला कुणी दाखवलेलंच नसतं. वर्ग एकदा मांडून बघितला असता, तर कुठं वजा आणि कुठं अधिक हे तिचं तिलाच कळलं असतं. घोकलेली युक्ती आंधळी असते. प्रश्न बघून सुचते, ते गणित.

आणि ही रीत काही परकी नाही. आपले महावीराचार्य इ.स. ८५० च्या सुमाराचे, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. 'गणितसारसंग्रहा'त त्यांनी वर्ग काढायच्या एकाहून जास्त रीती दिल्या. त्यांतली एक अशी: ९८ चा वर्ग हवा? दोन मिळवा, दोन वजा करा, १०० गुणिले ९६ झाले ९६००. त्यात दोनाचा वर्ग ४ घाला, ९६०४. बस्तीत अशा आचार्यांचं नाव अभिमानानं घ्यायचं आणि घरी पोरीला गप्प बसवायचं, हे शोभतं का आपल्याला?

पोर अभ्यासाला बसली की एवढंच सांगा, "पेन्सिल उचलायच्या आधी काय विचारलंय ते वाच." उत्तर झटकन आलं तर रागावू नका. "तुला कसं दिसलं गं?" म्हणून विचारा, आणि ती सांगेल ते नीट ऐका.