टायमर काढा, व्हेरिएबल लावा

मंडळी, हाही वीकएंड कसाऱ्याच्या घाटात गेला. प्रत्यक्ष नाही हो, नाशिकला घरीच, लॅपटॉपसमोर. मॉडेल रेल्वेच्या सिम्युलेटरमध्ये कसारा-इगतपुरी उभारतोय, तिसरा आठवडा.

मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबली की मागून एक हलका धक्का बसतो. बँकर लागला! चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. म्हणून मागून इंजिनं ढकलतात आणि इगतपुरीला सुटतात. (घाट चढणाऱ्या या गाडीला रेल्वे 'डाऊन' म्हणते, कारण ती मुंबईपासून लांब जाते. असो.)

पहिल्या वीकएंडला मी सगळीकडे टायमर लावले. गाडी आली की ४० सेकंदांनी सिग्नल हिरवा. एकच गाडी होती तोवर मस्त चाललं. मग एक लांबलचक मालगाडी सोडली, ती घाटात रेंगाळली आणि मागची पंचवटी सरळ तिच्यात घुसली.

माझं स्पष्ट मत झालंय, टायमर म्हणजे निव्वळ अंदाज. खऱ्या रेल्वेत घड्याळ पाहून गाडी पुढे सोडत नाहीत, पुढचा सेक्शन मोकळा आहे का ते बघतात. एकेरी मार्गावर तर ड्रायव्हरला टोकनचा धातूचा गोळा मिळायचा. एका सेक्शनचा एका वेळी एकच गोळा बाहेर. हातात धरता येणारं व्हेरिएबलच की ते!

मग 'बँकर_शिल्लक' नावाचं व्हेरिएबल केलं, किंमत २. (माझ्या घाटात गाडीमागे एकच बँकर, गरिबाचा घाट आहे.) गाडी कसाऱ्याला आली आणि शिल्लक शून्याहून जास्त असेल तर एक वजा करा, बँकर जोडा, सिग्नल द्या. इगतपुरीला बँकर सुटला की एक मिळवा. सोप्पं!

तिसरी गाडी आली. शिल्लक १, यार्डात बँकर शून्य. अख्खा रविवार डोक्याला शॉट. सुटलेला बँकर अजून इगतपुरीलाच उभा होता, घाट उतरून कसाऱ्याला यायचाच होता आणि मी त्याला आधीच मोजून टाकलेलं! 'एक मिळवा' तिथून उचलून कसारा यार्डाच्या ट्रॅकवर आणलं.

तरी गाडी हलेना. कारण 'गाडी आली' ही घटना एकदाच घडते. त्या क्षणी शिल्लक शून्य होती, नंतर बँकर आला तरी पुन्हा विचारणार कोण? म्हणून आणखी एक व्हेरिएबल, 'थांबलेल्या_गाड्या'. आता बँकर यार्डात आला की तोही विचारतो, कुणी थांबलंय का?

मित्र म्हणतो, एवढं करण्यापेक्षा हाताने चालव की. अरे, हाताने चालवताना माझी चूक मलाच दिसत नाही, मी नकळत सावरून घेतो. कंप्युटर सावरून घेत नाही.

घाटातली मधली लाईन राहिलीये. तिच्यावर दोन्हीकडून गाड्या, म्हणजे दिशेसाठी वेगळं व्हेरिएबल. पुढच्या शनिवारी बघू.