गळका स्टिअरिंग रॅक : ऑईल ओतू नका, आधी दांडा पाहा

आपल्या वाचकांत जुनी मोटार बाळगणारे छोटे व्यापारी पुष्कळ आहेत, आणि गॅरेज चालवणारेही कमी नाहीत. दोघांच्याही कामाची एक गोष्ट आज मांडतो. गोष्ट पॉवर स्टिअरिंगच्या रॅकची आहे, पण मुळात ती हिशेबाची आहे.

माझा धंदा कापडाचा. दुकान घाटकोपरला, माल भिवंडीचा. आठवड्यातून दोन फेऱ्या ठरलेल्या. गाडी १५ वर्षांची. मागे एकदा सकाळी गाडीखाली लालसर ऑईलचा डाग दिसला. मिस्त्री म्हणाला, "शेठ, रॅक थोडा गळतोय. ऑईल टाकत राहा, चालेल." मी आठ महिने टाकत राहिलो. मग एका गॅरेजमध्ये सील बदलून घेतले. तीन महिन्यांत पुन्हा गळती. मी पुन्हा बाटली आणली. एके दिवशी माजिवड्याला वळण घेताना पंप घरघरला आणि स्टिअरिंग एकदम जड झाले. मुलगा चालवत होता, शेजारी कंटेनर होता. मुलाने दोन्ही हातांनी चाक ओढले म्हणून निभावले.

आता हिशेब ऐका. ऑईलच्या बाटल्या २,८०० रुपये. सीलचे काम ७,५०० रुपये. ऑईलविना कोरडा चालून पंप खराब झाला, त्याचे ९,००० रुपये. शेवटी रॅक बदलावाच लागला, मजुरी, ऑईल आणि अलाइनमेंट धरून ३१,००० रुपये. एकूण ५०,३०० रुपये. पहिल्याच महिन्यात रॅक बदलला असता तर १९,३०० रुपये वाचले असते आणि मुलाचा जीव टांगणीला लागला नसता. ग्राहकाला एक एक रुपया मोजून मागणारा मी, पण स्वतःच्या गाडीच्या बाबतीत डोळे मिटून बसलो.

चूक कुठे झाली ते समजून घ्या. रॅक म्हणजे नळीत डावी-उजवीकडे सरकणारा पोलादी दांडा. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप ऑईलचा दाब देतो आणि त्या दाबाने चाक हलके फिरते. ऑईल बाहेर येऊ नये म्हणून दांड्यावर रबरी सील असते, आणि दोन्ही टोकांना धूळ-पाणी अडवणारे रबरी बूट असतात. रबर वर्षांनी कडक होते हे खरे, पण आपल्या उपनगरात त्याआधीच बूट फाटतात. खड्डे आहेतच, शिवाय पावसाळ्यात अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागते. फाटक्या बुटातून पाणी आत गेले की दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. अशा दांड्यावर कितीही चांगले सील बसवा, ते काही महिन्यांत कापले जाते. माझे ७,५०० रुपये असेच वाया गेले. दांडा खराब आहे हे मला कोणी दाखवले नाही, आणि मीही विचारले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे : दांडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सीलच्या कामाला होकार देऊ नका. दांडा आरशासारखा गुळगुळीत असेल तर सील बदलणे हेच शहाणपणाचे, त्यात पैसे पुष्कळ वाचतात. खड्डे असतील तर रॅकच बदला. त्याच्याही आधी गळती नक्की कुठली ते तपासा. ऑईलचा पाइप किंवा पंपाचे सील गळत असेल तर रॅकला हात लावायचे कारणच नाही. सगळे पुसून घ्या, इंजिन चालू ठेवून चाक दोन्हीकडे फिरवा, मग बघा. बुटाच्या आत ऑईल साचले असेल तर रॅक गेला असे समजा. गळती थांबवणारे औषध बाटलीत मिळते, ते सील मऊ करते आणि थोडे दिवस ढकलते. कोणी गाडीच्या पुस्तकात लिहिलेले ऑईल सोडून ब्रेक ऑईल ओतायला सांगितले तर मुळीच ऐकू नका, त्याने चांगले सीलही फुगते.

कुर्ल्याच्या बाजारात जुना रॅक निम्म्याहून कमी भावात मिळतो. तो घ्यावा का? बूट सरकवून दांडा पाहू देत असतील आणि लेखी गॅरंटी देत असतील तर जरूर विचार करा. नाही तर सोडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात बुडालेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या. बुडालेल्या गाडीचा रॅक बाहेरून पुसला की नव्यासारखा दिसतो. आत काय झाले ते दांडाच सांगतो.

इतका खर्च जुन्या गाडीवर करावा का, हा प्रश्न रास्त आहे. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण ५ वर्षांसाठी होते, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आहे. गाडी आणखी पाच वर्षे ठेवायची असेल तर ३१,००० रुपये म्हणजे वर्षाला ६,२०० रुपये. हे परवडते. पत्रा सडला असेल, इंजिन धूर सोडत असेल, तर रॅकवर पैसा घालू नका. पण गळका रॅक तसाच ठेवून गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारणे हा व्यवहार नव्हे.

आता गॅरेजवाल्या बंधूंना दोन शब्द. नव्या लहान गाड्यांत ऑईलचे स्टिअरिंग राहिले नाही. जपानच्या सुझुकीने १९८८ मध्ये विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग सर्व्हो या गाडीत आणले, आणि आज तोच रिवाज झाला आहे. म्हणजे रॅक दुरुस्तीचे तुमचे काम दरवर्षी कमीच होत जाणार. जे गिऱ्हाईक उरेल ते भरवशावर उरेल. आम्ही कापड गिऱ्हाईकासमोर मोजून फाडतो, तसे तुम्ही दांडा गिऱ्हाईकासमोर उघडा. काढलेला जुना पार्ट परत द्या. गॅरंटी किती महिन्यांची ते बिलावर लिहा. आणि काम झाल्यावर ऑईलमधली हवा काढून अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी सोडू नका.

गिऱ्हाईकांनीही कच्च्या पावतीचा मोह सोडावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. २०,००० रुपयांच्या पार्टवर २,००० रुपये कर कमी झाला. पक्के बिल हातात असेल तर काम बिघडल्यावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे फी लागत नाही. बिलच नसेल तर काय दाखवणार?

गाडीखाली डाग दिसला की बाटली आणायला धावू नका. गाडी वर घ्यायला सांगा आणि वाकून पाहा. त्या पाच मिनिटांचा आळस मला १९,३०० रुपयांना पडला.